झोपेत ओरडणारी गाडी

बंद उभ्या गाडीला हिलाल 'झोपलेली' म्हणायचा. तिच्याजवळ जाताना पावलं अशी टाकायचा की जणू पाळण्यात बाळ आहे. मग बोनेटवर तळहात ठेवून, डोळे मिटून उभा. मी विचारायचो, "ताप किती आहे रे?" तो डोळे न उघडता म्हणायचा, "थांबा नाना, स्वप्न पाहते आहे."

आता मोटारीला कसलं आलंय स्वप्न! पण तो म्हणायचाच असं की मलाही पटायचं. मग रस्त्याच्या कडेला ओळीने उभ्या गाड्या दिसल्या की वाटायचं, दुपारी जेवणं उरकून बाया ओट्यावर कलंडतात तशा या कलंडल्यात, आणि एकीला जाग आली की साऱ्या उठून बसतील.

हे सत्त्याण्णव सालचं. मी तेव्हा सुरतेत रिक्षा चालवायचो. लिंबायतला हिलालच्या खोलीला लागून माझी खोली, आणि मधली भिंत इतकी पातळ की तिकडे शोभाबाईंनी, म्हणजे हिलालच्या बायकोने, फोडणी टाकली की इकडे मला शिंक यायची. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही गावच्या मारुतीच्या देवळात. एका भिंतीला मारुती, दुसऱ्या भिंतीला फळा. चुकलं की गुरुजी मारुतीपुढे उभं करायचे, त्यामुळे मारुतीची आणि माझी चांगली ओळख. असो. मी असाच भरकटतो. नातवंडं म्हणतात, "आजोबा, रिक्षा रस्त्यावर आणा." आणतो.

हिलाल अमळनेरकडचा. सातवी झाल्यावर तापी लाइनच्या पॅसेंजरने उधन्याला उतरला तो थेट लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. बारा तासांची पाळी, आणि अशी त्याने चौदा वर्षं काढली. ज्याने लूमची शेड पाहिली नाही त्याला कसं सांगू? शंभर लोहार एका खोलीत कोंडून त्यांना भांडायला लावलं तर जसा आवाज होईल, तसा. आत कोणी तोंडाने बोलतच नाही; ओठ हलवतात, समोरचा ओठ वाचतो. हिलाल आणि त्याचा शेजारी कारागीर अख्खी पाळी गप्पा मारायचे, आणि शेडबाहेर भेटले की दोघांनाही एकमेकांचा आवाज ओळखू यायचा नाही.

त्या शेडमध्ये चार लूम जरा शहाणे होते. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, प्रत्येक धाग्यावर पत्र्याची बारीक पट्टी लटकवलेली. धागा तुटला की पट्टी खाली पडायची, पडली की विजेची जोड व्हायची आणि लूम जागच्या जागी थांबायचा. हिलालला याचं वेड लागलं. हजार धाग्यांतला एक तुटतो आणि एवढ्या मोठ्या यंत्राला ते कळतं! सुट्टीच्या दिवशी तो भंगारातून वायरी आणायचा, बल्ब आणायचा, बॅटरी माझ्या रिक्षातून काढायचा. माझ्या रिक्षाचा हॉर्न त्यानेच पहिल्यांदा जोडला. इतका सुंदर जोडला की ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा. दोन दिवस मी सहारा दरवाजापर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाला बँड लावून सोडलं. एक मारवाडी आजी उतरताना म्हणाल्या, "भैया, तेरी शादी है क्या?"

पण त्या शेडने हिलालचा उजवा कान नेला. डावाही निम्मा गेला होता. कानाच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "अजून वर्षभर लूमवर राहिलास तर डावाही संपला. मग बायकोची हाकसुद्धा ऐकू येणार नाही." हिलाल मला म्हणाला, "नाना, हाक नाही ऐकली तर चालेल. ती गुणगुणते, ते राहील हो."

शोभाबाई घरी बसून जरीचं काम करायच्या. व्यापाऱ्याकडून जरीच्या फिरक्या आणायच्या आणि चुनरीला काठ लावायच्या. हात चालू झाला की गळा आपोआप चालू. गाणं असं नाही, शब्द नाहीत; विहिरीत पाणी हलतं तसं काहीतरी. भिंतीपलीकडून मलाही यायचं, आणि दुपारी पडल्या पडल्या मी कुठल्या गावात आहे तेच विसरायचो. हिलाल मात्र तिच्या डाव्या बाजूला नाही बसायचा, उजव्या बाजूला बसायचा, म्हणजे त्याचा डावा कान तिच्याकडे राहील.

त्याने लूम सोडला. लूमचा शेठ चांगला माणूस. म्हणाला, जमलं नाही तर परत ये, जागा ठेवतो. हिलाल उधना दरवाजाजवळ मगनभाईंच्या दुकानी जाऊ लागला. मगनभाईंचं गाड्यांच्या सीट कव्हरचं, टेपचं, पंख्याचं दुकान. पोट मोठं, हसणं त्याहून मोठं. बसवायचं काम असेल तेव्हा हिलालला बोलवायचे, नसेल तेव्हा नाही. महिन्यातले निम्मे दिवस नाहीच.

अशात मगनभाईंच्या मेव्हण्याने अमेरिकेहून एक खोका पाठवला. त्यात गाडीचा अलार्म आणि वर एक नवल: लांबून बटण दाबलं की गाडी आपोआप सुरू व्हायची! तिकडे म्हणे बर्फात गाडी गारठते, म्हणून लोक घरातूनच ती गरम करून ठेवतात. मगनभाईंना उलटं सुचलं. त्यांची बा, म्हणजे आई, ऐंशीची. उन्हात तापलेल्या गाडीत बसली की तिला घेरी यायची, म्हणून दोन वर्षं तिने दरिया पाहिला नव्हता. वरून बटण दाबायचं, गाडी सुरू, एसी सुरू, दहा मिनिटांत आत माथेरान. मग बाला खाली आणायचं.

"हिलालभाई," मगनभाई म्हणाले, "हे तू बसव. रविवारी बाला डुमसला दरियावर न्यायचंय. चाललं तर दुकानाची डावी बाजू तुझी. अलार्मचं काम तिथे तूच करायचं, रोज. नाही चाललं तर..." आणि त्यांनी हात हवेत उडवला. उडवलेल्या हाताचा अर्थ आम्हाला दोघांनाही कळला. नाही चाललं तर सोमवारी लूम.

हिलाल तीन दिवस त्या गाडीत झोपला म्हणा ना. पांढरी नवीकोरी गाडी, मगनभाईंच्या इमारतीखाली उभी. खोक्यातला कागद इंग्रजीत. मी चौथी, तो सातवी. दोघांची बेरीज केली तरी इंग्रजी येईना. पण कागदावर चित्रं होती आणि वायरींना रंग होते. हिलाल लूमवाला, हजार धागे रंगाने ओळखणारा. त्याने एकेक वायर अशी लावली जशी वेणी घालतात. शिवाय एक अक्कल स्वतःची घातली. अमेरिकेतल्या गाड्यांना म्हणे गिअर टाकावा लागत नाही. आपल्याकडे गाडी गिअरमध्ये राहिली आणि वरून बटण दाबलं तर ती उडी मारून भिंतीत जायची. म्हणून त्याने हँडब्रेकची वायर मध्ये घेतली: हँडब्रेक ओढलेला असेल तरच गाडी उठेल. मगनभाईंकडून तीन वेळा वदवून घेतलं, "गिअर काढायचा, हँडब्रेक ओढायचा, चाकाखाली वीट." मगनभाई म्हणाले, "अरे, लग्नात सुद्धा मी एवढ्या वेळा हो म्हटलं नव्हतं."

बुधवारी दुपारी बटण दाबलं. गाडीने दोनदा डोळे मिचकावले, अंग झटकलं आणि सुरू झाली. आत कोणी नाही, आणि इंजिन चालू! मी खरंच एक पाऊल मागे सरलो. हिलालने बोनेटवर हात ठेवला. चेहरा असा, जसं झोपेतलं बाळ आपल्याकडे पाहून हसलंय.

मग नारळ फुटला. आणि शोभाबाईंनी दिलेली चुनरी हिलालने पिशवीतून काढली. सप्तशृंगीची लाल चुनरी, काठाला खरी जर, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेची; फिरकीवर उरलेली जर त्यांनी मुद्दाम या गाडीसाठी राखून ठेवली होती. नवऱ्याचं पहिलं मोठं काम. मगनभाईंना गाडीच्या पुढे काही लटकलेलं आवडत नव्हतं, म्हणून हिलालने ती बोनेटच्या आत, पुढच्या आडव्या पट्टीला बांधली. बोनेट लावलं. आई आत, जग बाहेर.

गुरुवारी सकाळी दुकानाचा माणूस मला रिक्षा स्टँडवर शोधत आला. "हिलालभाईला घेऊन ये. गाडी बोंबलते आहे."

आम्ही पोचलो तेव्हा इमारतीतले सगळे गॅलरीत. मगनभाई लेंग्यावर उभे. "हिलालभाई, आ गाडी छे के छोकरुं? सकाळपासून रडते आहे!"

"बटणाने सुरू होते का?"

"सुरू? नुसते डोळे मारते. तीनदा डोळे मारते आणि गप्प. माझी बा विचारते, कोणाला मारते?"

हिलाल बसला कामाला. पहिला संशय धक्का ओळखणाऱ्या डबीवर. शेजारून ट्रक गेला तरी ती दचकत असेल, म्हणून तिचा स्क्रू फिरवून तिला जरा बधिर केलं. तरी तेच. मग चारी दरवाजांची बटणं तपासली. मग बॅटरी, मग भोंग्याची वायर. भोंगा वाजत होता तेव्हा आम्ही सगळे कानात बोटं घालून, आणि हिलाल त्याच्या शेजारी शांत, तळहाताने त्याची थरथर मोजत.

दुपारी त्याने तो इंग्रजी कागद पुन्हा उलगडला. एका कोपऱ्यात दिव्याचं चित्र, पुढे तीन ठिपके, आणि त्यापुढे उघड्या बोनेटची गाडी.

"नाना, तीनदा डोळे म्हणजे ती सांगते आहे, माझं बोनेट उघडं आहे. बोनेट उघडं असलं की ती सुरू होणार नाही, कोणाचा तरी हात आत असेल म्हणून. आणि कुलूप लावून बोनेट उघडं दिसलं की ओरडणार, चोर आला म्हणून. दोन्ही दुखणी एकच!"

"पण बोनेट तर बंद आहे."

"आपल्याला. तिला झोपेत उघडं दिसतंय."

बोनेटखाली एक छोटं बटण असतं. झाकण बंद झालं की ते दाबलं जातं. उघडलं की वर येतं आणि त्याची वायर गाडीच्या पत्र्याला जोडली जाते. लूमच्या पट्टीसारखंच. हिलालने बोनेट उघडलं. आधी हात पुसले, चुनरी सोडली, कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली. तेलकट हातांनी आईला कोण शिवणार? मी ती दोन्ही हातांवर घेऊन उभा, देवळातल्या पुजाऱ्यासारखा. हिलालने बोटाने बटण दाबलं, टेस्ट दिवा, म्हणजे वीज पोचली की पेटणारा सुईचा दिवा, लावून पाहिला. बटण एकदम ठीक. वायर ठीक. दहा वेळा दाबून पाहिलं, दहाही वेळा ठीक. तरी बटण नवीन घातलं. मग हात धुतले, चुनरी पुन्हा कपाळाला लावून जागेवर बांधली, बोनेट लावलं आणि गाडी उठवायचं बटण हातात घेतलं.

बटण दाबलं. तीनदा डोळे.

शुक्रवारीही तेच. हात पुसणं, चुनरी माझ्या हातात, सगळं ठीक, चुनरी जागेवर, बोनेट बंद, तीनदा डोळे. हिलालने बटणाखाली रबर घातलं, नवी वायर टाकली, मुळापासून. मगनभाईंचं हसणं आखडत गेलं. संध्याकाळी ते म्हणाले, "भाई, बाने नवी साडी काढून ठेवली आहे." फक्त एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

लिंबायतच्या वळणावर रिक्षात लूमचा आवाज आला, तेव्हा हिलाल म्हणाला, "ऐकलंत? लूम बोलावतोय."

शनिवारी दुपारी आमच्या भागात वीज गेली, आणि वीज गेली की लिंबायत एकदम थांबतं. लूम थांबले. आवाज असतो तेव्हा तो आहे हे कळत नाही; गेला की कळतं, जसं कोणीतरी आपल्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून घेतलं. कुठे तरी कबुतर घुमत होतं. गल्लीत उन्हाचा पिवळा पाट, त्यात कापसाचे तंतू तरंगत होते. ओट्यावर शोभाबाई जर गुंडाळत बसलेल्या, तोंडाने त्यांचं विहिरीचं पाणी चालू. हिलाल त्यांच्या उजवीकडे, पुढ्यात माझ्या रिक्षाची बॅटरी आणि टेस्ट दिवा. दिव्याचा चिमटा बॅटरीला लावलेला, सुई हातात, आणि डोळे मिटत आलेले. मी खाटेवर. सगळं इतकं मऊ झालं होतं की मला वाटलं, ती पांढरी गाडीच गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी आहे आणि आत यायला लाजते आहे.

"काय वो," शोभाबाई हळूच म्हणाल्या, "सोमवारी जास का तिकडे?"

"कुठे?"

"लूमवर."

"जाणं पडी."

गुणगुणणं थांबलं. "मंग मी काबर गाऊ? भिंतीले?"

झोप म्हणा, दुःख म्हणा, हिलालचा हात सैल पडला आणि सुई शोभाबाईंच्या मांडीवरच्या जरीच्या गुंत्यात गेली. फिरकी घरंगळली आणि जरीचं टोक बॅटरीच्या दुसऱ्या खुंटीवर जाऊन पडलं.

दिवा लागला.

मंद, पिवळा, देवघरातल्यासारखा. मी पाहिला, पण मला वाटलं स्वप्नच. शोभाबाईच ओरडल्या, "माय वो! तुमना दिवा मन्हा दोरावर पेटना!"

हिलालने डोळे उघडले. दिव्याकडे पाहिलं, जरीकडे पाहिलं, मग बायकोकडे. त्याचे ओठ हलले, आवाज नाही. लूमवर बोलायचा तसा. मी ओठ वाचले. चुनरी.

मग तो एवढ्या जोरात हसला की कबुतर उडालं. "नाना! मी बोनेट उघडलं की आईला आधी बाजूला ठेवतो. मग काय तपासणार, कपाळ? मी पाहतो तेव्हा ती तुमच्या हातात! बोनेट लावलं की ती जरीचा काठ घेऊन त्या बटणाच्या टोकावर जाऊन बसते, आणि दुसरा पदर पत्र्याला टेकलेला. जर म्हणजे तार! गाडीला वाटणारच की उघडं आहे!"

"म्हणजे मन्ही चूक?" शोभाबाईंचा चेहरा पडला.

"तुन्ही काय चूक? खोटी प्लास्टिकची जर लावली असती तर काही झालं नसतं. तू खरी लावली."

"खोटी लावतस का कोनी आईले?" त्या फणकारल्या. मग त्यांनाही हसू आलं.

मी रिक्षात बॅटरी टाकली आणि अशी पळवली की ब्रेक आणि हॉर्न दोन्ही विसरलो. शोभाबाई मागे, मांडीवर कातर. पहिल्यांदाच त्या मगनभाईंच्या इमारतीखाली आल्या. हिलालने बोनेट उघडलं, चुनरी काढली, बोनेट लावलं, बटण दाबलं. गाडीने दोनदा डोळे मिचकावले आणि उठली. बंद केली, पुन्हा उठवली. सात वेळा. शेवटी मगनभाई तिसऱ्या मजल्यावरून ओरडले, "बस करो, पेट्रोल खतम होगा!"

ते खाली आले तेव्हा शोभाबाई पायरीवर बसून चुनरीचा जरीचा काठ उसवत होत्या. मगनभाईंना सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते पायरीवर बसूनच हसले, पोट धरून. "एटले माताजीए एलार्म वगाड्यो! माताजीनेच वाजवला! अरे, माताजी पहारा देत होती आणि तू तिलाच चोर शोधायला सांगत होतास!" मग गंभीर झाले आणि शोभाबाईंना हात जोडून म्हणाले, "बेन, चुनरी परत बांधा. जर काढून. पण बांधाच."

शोभाबाईंनी काठाच्या जागी साधी पिवळी सुती पट्टी शिवली आणि हिलालने चुनरी पुन्हा बोनेटखाली बांधली, या वेळी दोन बोटं अलीकडे. विश्वास एका बाजूला, वायर एका बाजूला.

रविवारी मीही गेलो होतो पाहायला. मगनभाईंनी गॅलरीतून बटण दाबलं, खाली गाडी उठली, आत कोणी नसताना. शेजारच्या दोन बायकांनी नमस्कार केला. दहा मिनिटांनी बा नव्या साडीत खाली आली, काचेला हात लावला, गार लागला, तशी विचारते, "आत बसून कोणी वारा घातला?" हिलाल म्हणाला, "बा, गाडीने." बा म्हणाली, "डाही छे." शहाणी आहे. आणि डुमसच्या रस्त्याला लागली.

दुकानाची डावी बाजू हिलालची झाली. पुढची अकरा वर्षं त्याने तिथे शेकडो गाड्या झोपवल्या आणि जागवल्या. गिऱ्हाइकाने नवी गाडी आणली की तो सगळ्यात आधी विचारायचा, "आत देव कुठे बांधलाय?" लोकांना वाटायचं, माणूस भाविक आहे. होताच.

पण त्या रविवारनंतरच्या सोमवारी संध्याकाळी मी रिक्षा लावून घरी आलो. पलीकडे लूम धडधडत होते, नेहमीसारखे. ओट्यावर शोभाबाई काठ लावत होत्या, हिलाल त्यांच्या उजवीकडे, डावा कान तिकडे करून. मी खाटेवर पडलो. गुणगुणणं चालू होतं, आणि मध्येच हिलालचा आवाज आला, "मधला भाग चुकना तुन्हा."

"ऐकू येस ना?" शोभाबाई म्हणाल्या. "मंग गप बसा."

आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.